हरभरा हार्वेस्टरने काढताय? आधी ड्रमचा वेग बघा

नोकरी मुंबईत आणि शेत गावाला असलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा टाकून हरभरा काढायचा तो हार्वेस्टरनेच. अडचण अशी, की मशीन बहुतेक वेळा गव्हाच्या रानातून येतं आणि त्याच सेटिंगवर तुमच्या हरभऱ्यात शिरतं. टाकीत दाण्यांबरोबर डाळ पडायला लागते, आणि वाशीच्या दाणा मार्केटला फुटका माल गेला की भाव तुटतो.

ड्रम म्हणजे मशीनच्या आत फिरत मार देऊन दाणे मोकळे करणारा भाग. गव्हाला तो मिनिटाला ८०० ते १००० फेऱ्यांवर चालतो. हरभऱ्याला ३५० ते ५०० बास. सुरुवात ४५० वर करा. वेग निम्मा केला की दाण्याला बसणारा मार चौथाईवर येतो, म्हणून बाकी काही बदलायच्या आधी हेच. ऑपरेटर इंजिनची रेस कमी करून ड्रम हळू करायला बघेल, ते मात्र अजिबात करू देऊ नका. रेस उतरली की पंखा, चाळण्या, वॉकर (भूस हलवत मागे ढकलणारा भाग) सगळंच मंदावतं आणि दाणा भुशाबरोबर मागे जातो. रेस पूर्ण ठेवून ड्रमचा वेग त्याच्या पुलीवरच उतरवायचा. काही मशीनला त्यासाठी पुली बदलावी लागते. हे मशीन ठरवतानाच फोनवर विचारून घ्या.

ड्रम आणि खालची जाळी यांतलं अंतर पुढे १८-२०, मागे १०-१२ मिमी ठेवा. ते डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मोजा. जाळी तिरकी बसली असेल तर एका बाजूला दाणा फुटतो आणि दुसऱ्या बाजूला घाटे तसेच राहतात.

हरभरा जड, त्यामुळे पंख्याचा वारा जोरात चालतो. वरची चाळणी १६-१८, खालची १०-१२ मिमी उघडी. काबुली असेल तर खालची आणखी थोडी. खालची फार आवळली तर चांगला दाणा रिटर्नमधून (न मळलेले घाटे परत पाठवणारी वाट) परत ड्रममध्ये जातो आणि दुसऱ्या फेरीत फुटतो. ड्रम हळू करूनही डाळ थांबत नसेल तर बहुधा इथेच घोळ असतो.

दहा-पंधरा मीटर चालवून मशीन थांबवा. टाकीतला मूठभर माल घ्या, १०० दाणे मोजा. ३ पेक्षा जास्त फुटके असतील तर ड्रम ५० फेऱ्यांनी कमी. मागे न फुटलेले घाटे पडत असतील तर आधी अंतर २ मिमी कमी करा, वेगाला नंतर हात लावा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

ओलावा १२ ते १५ टक्के असताना काढणी उत्तम. १० च्या खाली गेला की दाणा ठिसूळ होतो, मग कुठलीही सेटिंग फारशी वाचवत नाही. सकाळचं दव आणि आंब (हरभऱ्याच्या झाडावरचा आंबट ओलावा) सुकल्यावर सुरू करा. भर दुपारी रीलचा (पीक कटरकडे ओढणारा पुढचा फिरता भाग) नुसता धक्का लागला तरी घाटे गळतात. रील मशीनच्या चालीपेक्षा किंचितच जास्त फिरवा, चाल ताशी ३-४ किमी. कटरची पाती बोथट नकोत. ती झाड कापण्याऐवजी हलवतात.

गळ तपासायला कटरमागे, पण भूस पडायच्या आधीच्या पट्ट्यात, एक चौरस मीटर जागा बघा. देशी हरभऱ्याचे १० दाणे सापडले तर एकरी साधारण ९ किलो जमिनीवर राहिले. फुले विक्रमसारख्या उंच वाणात घाटे वर लागतात, कटर उंच चालतो. बुटक्या, पसरट वाणात तो जमिनीलगत न्यावा लागतो. ढेकळं आत येऊन दाण्याला माती लागते, त्यामुळे रान पेरणीलाच सपाट हवं.

वाळला वाटाणा काढायचा असेल तर ड्रम-जाळीचे आकडे जवळपास हेच, पण वेल लोळलेला असतो. कटरला उचलणारी बोटं लावा, रील पुढे आणि खाली घ्या. भाजीचा हिरवा मटार या मशीनचं काम नाही.