एटीव्हीचं इंजिन ऑइल: थंडीत कुठलं, उन्हाळ्यात कुठलं

एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या चारचाकी, मोटरसायकलसारख्या गाडीचं ऑइल घेताना बहुतेकांची नजर आधी डब्यावरच्या ग्रेडकडे जाते. ती आधी जासोच्या (जपानी वाहन-मानक संस्थेच्या) शिक्क्याकडे जायला हवी. बऱ्याच एटीव्हींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. क्लचप्लेटा त्यातच भिजलेल्या असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती मानवतात, क्लचला नाही. चढावर क्लच घसरतो, इंजिन नुसतं रेस होतं, गाडी जागची हलत नाही आणि प्लेटा जळतात. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हवं. एमबी अशा ऑइलमध्ये भिजणाऱ्या, म्हणजे वेट क्लचला चालत नाही. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या) गोल शिक्क्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’, म्हणजे इंधन वाचवणारं, असं लिहिलेलं असेल, तर तो डबा परत ठेवा. गाडी बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक आहे म्हणून यातून सुटका झाली असंही नाही. अशा काही बेल्टच्या (सीव्हीटी) गाड्यांत बेल्टच्या जोडीला सेंट्रिफ्युगल, म्हणजे इंजिनाच्या वेगाबरोबर आपोआप जुळणारा वेट क्लच असतो आणि त्यालाही इंजिनाचंच ऑइल मिळतं.

आता ग्रेड. १०डब्ल्यू-४० मध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी, नंतरचा तापलेल्या इंजिनासाठी. गार इंजिन फिरवता येईल इतकं ऑइल पातळ राहतं का, याची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते. ही शेवटची हद्द आहे; रोजचा वापर त्याच्या बराच अलीकडे ठेवावा. नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो: ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. फरक फक्त पहाटेच्या स्टार्टला.

तिथेच हंगामाचं गणित सुटतं. हिवाळ्यासाठी डब्ल्यूच्या आधीचा आकडा उतरवा, नंतरचा सहसा तसाच राहू द्या. बर्फ ढकलणारं किंवा ट्रेलर ओढणारं इंजिन कडाक्याच्या थंडीतही चांगलंच तापतं, कारण गाडीचा वेग कमी आणि भार जास्त असतो. बाहेर गारठा आहे म्हणून पार पातळ ऑइल भरलं, तर बेअरिंगवरचा थर टिकत नाही.

मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असतो, शेवटचा शब्द त्याचाच. दुपारचं नव्हे, तर गाडी जिथे उभी असते तिथलं पहाटेचं तापमान त्यात बघा. साधारणपणे शून्याच्या आसपासपासून चाळिशीपर्यंत १०डब्ल्यू-४० पुरतं. पारा उणे १५-२० पर्यंत उतरत असेल तर ५डब्ल्यू-४०, त्याखाली ०डब्ल्यू-४०. कडक उन्हात चिखलातून किंवा वाळूतून हळूहळू, जड ओझं घेऊन जायचं असेल, विशेषतः इंजिन एअर-कूल्ड असेल, तर २०डब्ल्यू-५०. पण मॅन्युअलमध्ये ते दिलेलं असेल तरच. ‘दाट ते चांगलं’ ही समजूत महागात पडते. गार असताना दाट ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) पोहोचायला वेळ लावतं. शिवाय दाब वाढून फिल्टरचा बायपास उघडतो आणि ऑइल न गाळताच फिरतं.

थंडीतली खरी अडचण छोट्या फेऱ्यांची. इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये साचतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ऑइल वाढलेलं नाही, पातळ झालंय. ते लगेच बदला. पुढे दर वेळी इंजिन पूर्ण तापल्यावर अर्धा तास तरी चालवा. डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर आला तर आत पाणी आहे. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारूच नका. आधी ऑइल काढा, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आणि सिलिंडरमधलं पाणी काढा, मगच पुढचं. नंतर ऑइल नितळ दिसेपर्यंत दोन-तीनदा बदलावं लागतं. बुडालेली नसतानाही दुधाळपणा पुन्हापुन्हा येत असेल, तर कूलंटची गळती तपासा.

इंजिनाच्या ऑइलमधली, दाटपणा टिकवणारी पॉलिमर गिअरच्या दात्यांत चिरडतात, त्यामुळे ४० चं ऑइल वापरातच पातळ होत जातं. गिअर अडकल्यासारखे पडू लागले की ते समजतं. सिंथेटिक इथे जास्त तग धरतं. बदलायचे तास मॅन्युअलप्रमाणे पाळा, धुळीत आणि पाण्यात निम्मे धरा.

बदलताना इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, गाडी सपाट जागी उभी करा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, लोण्यासारखा चिकटा नेहमीचाच. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर इंजिन उघडायची वेळ आली. वॉशर नवा घाला, फिल्टरच्या ओ-रिंगला ऑइलचं बोट फिरवा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच आवळा. सांगितलेल्या मापापेक्षा २०० मिली कमी भरा, दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून थांबा आणि मग लेव्हल बघत वर आणा. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं. ते चुकलं की ऑइल जास्त भरलं जातं, फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरवर येतं.

गाडी हंगामभर झाकून ठेवणार असाल तर ऑइल ठेवण्याआधी बदला, काढल्यावर नव्हे. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहते. नवं भरल्यावर एकदा इंजिन चालवा, म्हणजे आतल्या सगळ्या भागांवर ते फिरतं.