रेल्वेच्या खिडकीतून निसटणाऱ्या दिवाडी बेटावर एक दिवस कसा घालवावा

मुंबईहून कोकण रेल्वेने गोव्यात येताना थिवी मागे पडल्यावर गाडी एका पुलावरून जाते, मग थोडा वेळ सखल हिरवी शेते दिसतात, पुन्हा एक पूल लागतो आणि करमळी आले म्हणून डब्यातली मंडळी सामान दाराशी ओढू लागतात. या दोन पुलांच्या मधली जमीन म्हणजे मांडवी नदीतले दिवाडी बेट. बेटावरून रूळ गेले आहेत, मात्र तिथे स्थानक नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे या मार्गाने ये-जा करूनही कित्येकांचे पाय त्या मातीला लागलेले नसतात. गोव्याच्या सहलीतला एक दिवस समुद्रकिनाऱ्यावरून काढून या बेटाला द्यावा, असे मी माझ्या सगळ्या पाहुण्यांना आग्रहाने सांगतो. तो दिवस कसा आखावा, हे येथे लिहीत आहे.

भाड्याची गाडी शक्यतो घेऊ नये. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या पुष्कळशा बस जुने गोवे येथे थांबतात. कंडक्टरला आधी विचारून बसावे आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. पाण्याची बाटली, छत्री, चिखलात चालेल अशी चप्पल आणि एक रिकामी कापडी पिशवी एवढे सामान पुरते. पिशवी कशासाठी ते पुढे येईलच. जुन्या गोव्यातली मोठी चर्चे पाहायची असतील तर ती वेगळ्या दिवशी पाहावीत, कारण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करू गेल्यास घाई होते. रस्ता उतरून व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेले की दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का लागतो. रायबंदरहूनही दिवाडीला फेरीबोट जाते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला कमानीखालून नदीकडे उतरण्याचा हा रस्ताच मी सुचवीन.

धक्क्यावर पोचल्यावर फेरीबोट नुकतीच सुटलेली दिसली तर हळहळू नये. गेल्या वर्षी साताऱ्याहून आलेल्या माझ्या मावशीला घेऊन मी गेलो, तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत बोट निघाली. ओहोटी लागलेली होती. मावशी काठाशी उभी राहून उघड्या पडलेल्या चिखलाकडे पाहत होती आणि अचानक म्हणाली, "अरे, हा मासा चालतोय की!" ते निवटे होते. पुढच्या परांवर अंग पेलत ते चिखलातून सरकत होते, मध्येच टुणकन उडी मारत होते. शेजारी इवलेसे खेकडे आपली एकच मोठी नांगी वर-खाली हलवत होते. साताऱ्याच्या बाईने असले काही कधी पाहिले नव्हते. बोट परत आली तेव्हा मीच तिला हाताला धरून चढवले. आजही फोनवर ती माझ्या आधी निवट्यांची खुशाली विचारते. म्हणून ओहोटीची वेळ आधी पाहून निघावे, असा माझा सल्ला आहे.

पायी प्रवाशांना फेरीबोटीचे तिकीट पडत नाही. बोट धक्क्याला लागली की आधी तिकडची वाहने आणि माणसे उतरू द्यावीत, मग चढावे आणि थेट कठड्यापाशी उभे राहावे. पैलतीर काही मिनिटांतच येतो. तेवढ्या वेळात शाळेची मुले, मासळीच्या टोपल्या आणि हेल्मेट न काढता गप्पा मारणारे स्कूटरस्वार यांच्यामध्ये उभे राहण्यात जो आनंद आहे, तो पर्यटकांच्या सजवलेल्या बोटीत मला कधी मिळाला नाही.

पलीकडे उतरल्यावर बेटावरच्या पिएदाद गावापर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या खाजन शेतांमधून जातो. येथे वेळ काढावा. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली जमीन. तिथे कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाण्याच्या वाटेवर बसवलेली लाकडी झडप. एखादे मानस दिसले की बांधावरून जपून जवळ जावे आणि निदान पाच मिनिटे नुसते पाहावे. भरती चढू लागली की नदीचे पाणी बाहेरून झडपेवर दाब देते आणि ती आपोआप मिटते, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतले साठलेले पाणी झडप ढकलून उघडते आणि बाहेर वाहू लागते. यंत्र नाही, वीज नाही, दिवसातून दोनदा चंद्राच्या ओढीवर चालणारे हे दार आहे. त्या फळीच्या कडेला चिकटलेले कालवांचे थर आणि फटीतून सुटणारी पाण्याची बारीक धार पाहिली की ज्यांनी हे पहिल्यांदा बसवले, त्यांच्यापुढे माझे हात जुळतात. शेतकऱ्याच्या बांधावर पाय देताना कडेची माती खचणार नाही याची काळजी मात्र घ्यावीच.

गावात सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर पोचावे, कारण पोदेर, म्हणजे पाववाला, त्या सुमारास फिरतो. सायकलच्या मागे पाव ठेवलेली मोठी टोपली आणि हँडलवरच्या रबरी भोंप्याचा पोंय-पोंय आवाज, ही त्याची खूण. उंडो, कोंड्याची पोई आणि बांगडीसारखी गोल, कडक कांकणे त्याच्याकडे मिळतात. पोई ताजी असेल तर तिथेच मोडून खावी, आत वाफ असते. कांकणे कापडी पिशवीत भरावीत. ती घरी नेऊन चहात बुडवून खाता येतात. पैसे देताना "देव बरें करूं" म्हणावे. मराठी माणसाने हे तीन शब्द कोकणीत म्हटले की समोरचा हमखास हसून दोन वाक्ये जास्त बोलतो, आणि पुढची वाट त्याच बोलण्यातून कळते. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपाशी जाऊन मांडवीचे पात्र पाहून यावे.

पायात बळ असेल तर बेट ओलांडून दुसऱ्या बाजूच्या धक्क्यावरून नार्वे गाठावे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडीवर होते. पोर्तुगीज काळात ते पाडले गेल्यावर भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हा इतिहास शाळेत वाचलेला असला, तरी लिंग ज्या पाण्यावरून पलीकडे गेले तेच पाणी आपणही ओलांडून देवळाच्या पायरीशी पोचलो, की तो अगदी अंगाशी येतो. मावशीने त्या बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत हात जोडलेले होते. नार्व्याहून डिचोलीला जाऊन पुढची बस धरता येते. जुन्या गोव्याकडेच परतायचे असेल, तर शेवटची बोट किती वाजता आहे हे सकाळी उतरतानाच बोटीवरच्या कामगाराला विचारून ठेवावे.

परतीची गाडी करमळीहून असेल, तर सुटल्यावर लगेच बसू नये. खिडकीशी उभे राहावे. पहिला पूल संपला की शेते येतात, बांध येतो, आणि गाडीचा वेग बेताचा असेल तर रस्त्याने जाणारी एखादी सायकलही दिसते. मावशीने मागच्या खेपेला आख्ख्या डब्याला खिडकीशी उभे केले होते आणि शेजारच्या मुलाला ती बोटाने दाखवून सांगत होती की भरतीच्या वेळी ते दार आपले आपण मिटते.