भाडेकरार करताय? मग या चुका टाळा

दर मे-जून आला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, दादा घर मिळालंय, एजंट म्हणतोय पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, ११ महिन्यांचाच तर करार आहे, रजिस्टर कशाला करायचा? आणि दरवेळी मी एकच सांगतो, महाराष्ट्रात हे चालत नाही. ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि शिकलेसवरलेले लोकसुद्धा ती करतात.

११ महिन्यांची गोष्ट आली कुठून, तर केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीचं भाडेपत्र रजिस्टर करायची सक्ती नाही, तिथून. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ सरळ सांगतं की करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर ५ महिन्यांचा. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. केला नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकांनी अजून एक लक्षात घ्या, करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. शिवाय मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते, पण तिथे हातात नीट लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी देणारा करार, पाहिजे ना!

खर्चाची भीती असेल तर हिशोबच करू. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० धरा. ११ महिन्यांचं भाडं झालं २,२०,०००, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात ते साधारण साडेपाच हजार, या सगळ्यावर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपयांत काम. रजिस्ट्रेशन फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटची फी. एवढ्यासाठी लोक नोटरीच्या मागे लागतात, मला खरंच वाईट वाटतं. आणि ११ महिन्यांचाच करायला पाहिजे असंही नाही बरं का, ६० महिन्यांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स करता येतो, तीन वर्षांचा करून दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिली की दर वर्षीची धावपळ वाचते.

दुसरी चूक, ड्राफ्ट न वाचता अंगठा देणं. हल्ली एजंट बोटांचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरीच येतो. आमच्याकडे आला तेव्हा मालकीणबाई सत्तरीच्या, त्यांचा अंगठा काही केल्या लागेना, हात धुऊन झाले, पुसून झाले, मग दुसरं बोट लावलं तेव्हा एकदाचं झालं. या गडबडीत अर्धा तास गेला आणि ड्राफ्ट कोणी बघितलाच नाही. मी सहज शेवटचं पान उघडलं तर नोटीस पीरियड भाडेकरूला दोन महिने आणि मालकाला एक, आमचं बोलणं झालं होतं दोघांना एकेक महिना. एजंटने जुनाच ड्राफ्ट उचलून नावं बदलली होती. तिथेच थांबवून दुरुस्त करून घेतलं, कारण एकदा रजिस्टर झालं की बदलायला पुन्हा वेगळा दस्त करावा लागतो. म्हणून ड्राफ्ट आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि लॉक-इन (किती महिने घर सोडता येणार नाही), नोटीस, मेंटेनन्स कोण भरणार, रंगाचे पैसे कापणार का, डिपॉझिट किती दिवसांत परत, एवढं तरी वाचाच. नावाचं स्पेलिंग आणि फ्लॅट नंबर आधार आणि लाइट बिलाशी जुळवून बघा.

डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि ट्रान्सफरचा नंबर करारात लिहून घ्या. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, नळांचा, लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा. माझ्या एका मित्राचे भिंतीच्या ओलीपायी डिपॉझिटमधून २२,००० कापले, ओल आधीचीच होती, पण फोटो नव्हता, काय बोलणार.

टॅक्सचं थोडक्यात. इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजीममध्ये एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट घेताय आणि भाडं वर्षाला १ लाखाच्या वर जातंय तर ऑफिस मालकाचा पॅन मागणार, तो घर घेतानाच मागून ठेवा, मार्चमध्ये मालक फोन उचलत नाहीत. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापायचा असतो, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ टक्क्यांवर आलाय, त्यासाठी टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, पॅनवर होतं.

आणि नोटरी करून बसला असाल तर घाबरून जाऊ नका, मालकाशी बोलून नवीन करार करून तो रजिस्टर करून घ्या. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला द्यायचा असतो, तेवढी तारीख सांभाळा. रजिस्टर झाल्यावर इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) आणि कराराची पीडीएफ एजंटकडून लगेच घ्या, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद झाल्याची पोचपावतीही मागा, आणि सगळं स्वतःच्या मेलवर ठेवा, एजंटचा नंबर वर्षभराने लागेलच असं नाही.