पाहुणा घरात शिरतो: भीतीची एकांकिका कशी बसवावी

अनोळखी पाहुणा घरात शिरतो अशा नाटकात प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच प्रश्न पडतो: ही माणसं त्याला हाकलत का नाहीत, पोलिसांना फोन का करत नाहीत? संहितेत याचं उत्तर नसेल तर पुढच्या किंकाळ्या वाया जातात. सांगलीत उत्तर कृष्णा नदीचा पूरच देतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही पाण्याची इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग या जुन्या वस्तीतलं दुमजली घर घ्या. खाली कमरेएवढं पाणी, वीज बंद, मोबाईल बंद पडत आलेला. जिन्याच्या दारात उभ्या माणसाला 'जा' कोण म्हणणार?

"वहिनी, प्यायला पाणी मिळेल का?" एवढंच त्याने मागायचं. चहा, टॉवेल, अंथरूण घरच्यांनी आपणहून द्यायचं. नट बहुधा इथेच चुकतो, आल्याआल्या डोळे वटारतो. त्याला घरातला सगळ्यात गोड माणूस करा. काकू भाजी चिरता चिरता उठतात. तो घडीची विळी मिटतो आणि कुणाला न विचारता फळीवरच्या नेमक्या जागी ठेवतो. संवाद नको. ही जागा त्याला कशी ठाऊक, हे प्रेक्षकाचं प्रेक्षकाला कळू दे. विळीची धार मात्र कानशीने पूर्ण बोथट करून घ्या, तालमीतसुद्धा.

दुसरा धागा चपलांचा. पुरातून आल्याचं भासवायला पाहुण्याने पँट जिन्यातल्या पाण्यात बुडवली, चपला विसरला. सकाळपासून तो गच्चीवरच होता. पण कोरड्या चपला दहाव्या रांगेतून दिसत नाहीत. म्हणून धाकटीला त्या वाळत ठेवायला उचलू द्या. ओढणीला हात पुसायला जाते, हात कोरडाच. तिथे दोन सेकंद थांबा, तेवढ्यात आईची हाक. ही जागा पंचेचाळीस मिनिटांच्या प्रयोगात पंधराव्या मिनिटाच्या आसपास हवी. उशीर झाला तर शेवट फसवणूक वाटतो.

दार विंगेच्या, म्हणजे रंगमंचाबाहेरच्या, बाजूला उघडणारं लावा, बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या, मागच्या कडेला. आत रंगमंचावर उघडलं तर दाराची फळी पाहुण्याचा चेहरा झाकते. चौकटीला मागून तिरका टेकू आणि पायाशी वाळूची पोती हवीत; दार आपटल्यावर 'भिंत' हलली की लोक हसतात, आणि हसलेला प्रेक्षक पुन्हा घाबरत नाही.

कंदील बॅटरीचा घ्या आणि त्याच्यावर वरून पिवळा स्पॉट (प्रकाशझोत) अगदी कमी ठेवा. पाहुणा कंदील उचलून चालला की स्पॉट बदलायचा, म्हणून त्याची पावलं खडूने आखून ठेवा. पूर्ण अंधार चार सेकंदांपुरताच, त्याहून लांबला की खोकले सुरू होतात. त्याआधी नटांनी क्षणभर डोळे मिटून घ्यावेत, म्हणजे अंधारात धडपड होत नाही. पाण्याचा आवाज सुरुवातीपासून बारीक चालू ठेवा आणि गच्चीच्या दाराची कडी आतून लावलेली नाही, हे आईला दिसतं तेव्हा तो आवाज एकदम तोडा.