मायक्रोनेशनवर प्रबंध घेताय? आधी मतदारयादी मागा

स्पष्टच सांगते, मायक्रोनेशन म्हणजे स्वयंघोषित देश, आणि त्यांच्या निवडणुका हा विषय घेऊन नोकरी लवकर लागत नाही. नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात तो नाही. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत पॅनेल आधी हसतं आणि मग ‘म्हणजे ते नित्यानंदांचं कैलासा का?’ असं विचारतं. घरचे तर सिनॉप्सिस मंजूर झाल्यापासून विचारत असतात, याचा पुढे उपयोग काय. हे सगळं ऐकून घ्यायची तयारी नसेल तर पंचायत राज घ्या. साहित्य भरपूर आहे आणि गाइडही पटकन मिळतो.

तयारी असेल तर मात्र घाबरू नका, विषय भारी आहे. लोक म्हणजे नेमके कोण, मत कोणी द्यायचं, राजा नकोसा झाला तर काय करायचं, या प्रश्नांवर आपण एम.ए.ला नोट्स पाठ केल्या. इथे तेच प्रश्न एका छोट्या गावात किंवा दोन-चारशे सभासदांच्या मंडळात जिवंत दिसतात. मोठ्या देशात घटनावाद सर्वोच्च न्यायालयात चालतो, इथे तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांत चालतो.

१९३३ चा मॉन्टेव्हिडिओ करार आणि त्याच्या पहिल्या कलमातले राज्याचे चार निकष (कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवायची क्षमता) तुम्हाला पाठ असणारच. त्यावर अख्खं प्रकरण लिहू नका, दोन पानं पुरतात. तिसरं कलम मात्र नीट वाचा. इतरांनी मान्यता दिली नाही तरी राज्याचं राजकीय अस्तित्व असतं, असं ते म्हणतं, आणि जगातला प्रत्येक हौशी राजा हेच कलम पुढे करतो.

मी मुख्य उदाहरण म्हणून सेबोर्गा घेतलं. इटलीच्या लिगुरियात, फ्रान्सच्या सीमेजवळ, बोर्डिघेराच्या वरच्या डोंगरावरचं तीनशे-साडेतीनशे वस्तीचं गाव. १९६० च्या दशकात ज्योर्ज्यो कार्बोने या फुलशेती करणाऱ्या माणसाने मांडलं की, मठाच्या भिक्षूंनी १७२९ मध्ये हे गाव सव्हॉय घराण्याला विकलं खरं, पण त्या विक्रीची नोंदच झाली नाही. म्हणून १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा सेबोर्गा तिच्यात आलंच नाही. सातबाऱ्यावर फेरफार चढला नाही तेव्हा जमीन आमचीच, अशातला हा दावा. गावाने १९६३ मध्ये त्याला प्रिन्स निवडलं आणि २००९ मध्ये वारेपर्यंत तो प्रिन्सच राहिला. इटलीच्या लेखी यातल्या कशालाही अर्थ नाही. तिच्यासाठी सेबोर्गा ही एक साधी नगरपालिका. तिथले लोक इटलीला कर भरतात, इटलीच्या निवडणुकांत मत देतात आणि गावाला इटालियन कायद्याने निवडलेला महापौर असतो.

आता या विषयातल्या सगळ्यात मोठ्या खड्ड्याबद्दल, म्हणजे मतांच्या आकड्यांबद्दल. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझं एक आख्खं प्रकरण त्यात गेलं.

२३ एप्रिल १९९५ रोजी सेबोर्गात सार्वमत झालं. संस्थानाच्या घटनेच्या बाजूने ३०४ मतं, विरोधात ४. हा आकडा तुम्हाला प्रत्येक लेखात भेटेल. तुम्ही लगेच भागाकार कराल, ९८.७ टक्के येतील, आणि ‘सहमतीची घटना’ वगैरे प्रकरणाचं शीर्षकही सुचेल. माझ्या प्रगती-सादरीकरणात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्या आकड्यावर बोट ठेवून एवढंच विचारलं, ‘कशाचे ९८.७ टक्के?’

पडलेल्या मतांचे, हे उत्तर बरोबर आहे आणि काहीच कामाचं नाही. एकूण मतं पडली ३०८. गाव तीनशे-साडेतीनशेचं. त्या वस्तीत पाळण्यातली मुलं धरलेली आहेत, शाळकरी मुलं धरलेली आहेत, अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरलेले आहेत. मग दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर गावातला जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस त्या दिवशी मतपेटीपर्यंत पोचला. किंवा मतदार म्हणून गावाबाहेरचेही लोक धरले होते, म्हणजे कामासाठी खाली किनाऱ्यावर उतरलेले, परदेशी गेलेले, गावात फक्त घर किंवा जमीन असलेले. यात घोटाळा झाला असं मी अजिबात म्हणत नाही. मुद्दा असा की पहिल्या शक्यतेत सेबोर्गा म्हणजे राहणाऱ्यांचं गाव, दुसऱ्या शक्यतेत सेबोर्गा म्हणजे मूळ गाव सांगणाऱ्यांचा समाज. दोन वेगळी राष्ट्रं झाली की ही! घटनेच्या मसुद्यात कितीही कलमं असोत, लोक कोण याचं खरं उत्तर मतदारयादीत असतं. आणि बातमीत नेमकी तीच नसते.

आता याच्या शेजारी २०१९ ठेवा. दुसरे प्रिन्स मार्चेल्लो मेनेगात्तो २०१० मध्ये निवडून आले, २०१७ मध्ये पुन्हा आले, २०१९ च्या एप्रिलमध्ये पायउतार झाले. नोव्हेंबरात निवडणूक झाली. एकीकडे त्यांची आधीची पत्नी नीना मेनेगात्तो, दुसरीकडे खुद्द कार्बोनेंची मुलगी लाउरा दी बिशेल्ये. नीना १२२ विरुद्ध ६९ मतांनी जिंकल्या. बेरीज १९१. गाव साधारण तेवढंच आणि मतं १९९५ पेक्षा शंभराहून कमी. ‘राष्ट्रीय उत्साह ओसरला’ असं लिहायला हात शिवशिवतो. लिहू नका! लोक कमी आले की यादी आखडली, हे यादी समोर असल्याशिवाय ठरत नाही. तुलना करायची तर छेद सारखा लागतो, हे आपण दहावीच्या गणितात शिकलो आणि पीएच.डी.त विसरतो.

यातून सुटायचा एक धड मार्ग आहे. इटलीचं गृहमंत्रालय प्रत्येक नगरपालिकेपर्यंतचे निवडणूक निकाल एकूण मतदारसंख्येसकट उघड ठेवतं. जवळच्या वर्षातली सेबोर्गाची ती मतदारसंख्या काढा आणि संस्थानाचा आकडा तिच्याशेजारी ठेवा. एक सावधगिरी घ्या. इटलीच्या यादीत परदेशी स्थायिक झालेले नागरिकही आपापल्या मूळ गावाच्या नावाने असतात, त्यामुळे डोंगरातल्या छोट्या गावांत मतदार आणि रहिवासी यांचा मेळ सहसा बसत नाही. म्हणजे ३०८ चं कोडं वाटतं तेवढं विचित्र नसेलही. पण हे तपासून लिहिणं वेगळं आणि न तपासता ९८.७ लिहिणं वेगळं.

एवढं एक सांभाळलंत तर बाकीचं सोपं आहे, खरंच. घटनेच्या अंगाने सेबोर्गात भरपूर माल आहे. प्रिन्स वारसाहक्काने होत नाही, निवडावा लागतो, आणि मुदत सात वर्षांची. पहिल्या प्रिन्सची मुलगी उभी राहते आणि हरते, यावरच एक चांगला शोधनिबंध होईल. कार्बोने मात्र चार दशकांहून जास्त काळ गादीवर होते, तेव्हा सात वर्षांच्या नियमाची परीक्षा खरी त्यांच्यानंतर सुरू झाली. यावर तुमचं मत बनवा, माझं उचलू नका.

सेबोर्गाच्या जोडीला दुसरं उदाहरण घ्यायचं तर तालोसा घ्या. १९७९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रॉबर्ट बेन मॅडिसन या चौदा वर्षांच्या मुलाने आपली खोली स्वतंत्र राष्ट्र जाहीर केली. त्यातून पुढे पक्ष, दोन सभागृहं, पंतप्रधान आणि १९९७ ची लिखित घटना उभी राहिली. २००४ मध्ये एक गट फुटला आणि त्याने वेगळं प्रजासत्ताक काढलं. २००५ मध्ये संस्थापक राजा स्वतःच बाहेर पडला, २००७ मध्ये नवा राजा निवडला गेला आणि २०१२ मध्ये प्रजासत्ताकवाले परत आले. राजाचे अधिकार किती, हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालला आणि सगळा लिहून ठेवलेला आहे. मुलाखती न घेता घटनावाद वाचायचा असेल तर एवढं साहित्य दुसरीकडे मिळणं अवघड.

पण तोच खड्डा इथेही आहे, फक्त झाकण वेगळं. तालोसाच्या खालच्या सभागृहात, म्हणजे कोसात, २०० जागा असतात आणि त्या मतांच्या प्रमाणात पक्षांत वाटल्या जातात. २०० जागा म्हणजे २०० सदस्य नव्हेत. पक्ष आपल्या जागा आपल्या माणसांना वाटून देतो आणि एकाच माणसाकडे अनेक जागा असू शकतात. ‘अमुक पक्षाचे ऐंशी खासदार’ असं वाक्य लिहिलंत की परीक्षक तुम्हाला तिथेच धरेल. शिवाय तालोसाचा मतदार अर्ज करून नागरिक झालेला असतो आणि सेबोर्गाचा बहुधा जन्माने. या दोघांचे आकडे एका तक्त्यात घालू नका. गाइड म्हणतील, तक्ता छान दिसतो. दिसू दे.

गाइडवरून आठवलं. या विषयात तुमच्या गाइडला तुमच्यापेक्षा कमी माहिती असणार, यात त्यांचा दोष नाही आणि तुम्हीही तोरा मिरवू नका. त्यांच्याकडून पद्धतिशास्त्र घ्या, सह्या वेळेवर घ्या. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ग्रंथालयातल्या एका बाईंनी, ज्यांनी एका दाव्याचा माग कसा काढायचा हे शेजारी बसून दाखवलं. संस्थानाचं पत्रक, त्यावरून बातमी, बातमीवरून ज्ञानकोशातली नोंद, आणि मग त्या नोंदीचा हवाला देणारं संस्थानाचं नवं पत्रक! असे गोल फिरणारे पुरावे इथे फार. आणि पैसे भरून आठवड्यात छापून देणारी जर्नलं? त्यांच्या वाटेला जाऊ नका. एवढा चेष्टेचा विषय घेतल्यावर निदान छापणारा तरी गंभीर हवा.

इटालियन शिका. अस्खलित नको, कलमं वाचता येण्यापुरती. मशीनच्या भाषांतरात ‘रहिवासी’ आणि ‘नागरिक’ यांची अदलाबदल झाली तर वर सांगितलेला सगळा घोळ पुन्हा सुरू होतो. तुम्हाला जमेल, व्याकरणातलं लिंग-वचन मराठी माणसाला परकं नाही. आणि कृपा करून सीलँडचं, म्हणजे इंग्लंडजवळच्या समुद्रातल्या मनोऱ्यावरच्या स्वयंघोषित देशाचं, ‘लॉर्ड’पद विकत घेऊन प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मिरवू नका. मी असा एक प्रबंध पाहिला आहे.

कायद्याकडून येणाऱ्यांना दोन गोष्टी. सीलँडच्या निवडणुकांत फारसं काही नाही, पण जर्मनीतल्या कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाचा त्याच्याबद्दलचा १९७८ चा निकाल वाचाच. समुद्रातला कृत्रिम मनोरा हा भूप्रदेश नाही आणि तिथली माणसं म्हणजे एकत्र जीवन जगणारा लोकसमूह नाही, असं त्यात म्हटलं आहे. मतदारयादीच्या प्रश्नाला न्यायालयाने दिलेलं इतकं थेट उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही. दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या हट रिव्हरचं. गव्हाच्या कोट्यावरून चिडून लेनर्ड कॅस्ली यांनी १९७० मध्ये आपली शेती स्वतंत्र जाहीर केली आणि पुढे १४९५ च्या एका इंग्रज कायद्याचा आडोसा मिळावा म्हणून स्वतःला प्रिन्स म्हणवून घेतलं. २०१७ मध्ये कोर्टाने सुमारे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा कर भरायला सांगितला आणि २०२० मध्ये ते संस्थान बंद झालं. तळटीपेला उत्तम, प्रकरणाला अपुरं, कारण मतपेटीच नाही.

व्हायवात महाराष्ट्रातले परीक्षक एक प्रश्न हमखास काढतात, ‘मग औंध का नाही घेतलंत?’ चिडू नका, तयारी ठेवा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये औंधला घटना दिली, ती ७२ गावांच्या संस्थानासाठी. आकाराने लहान, घटना लिखित, इथवर साम्य आहे. पण औंधच्या राजाकडे सत्ता होती आणि त्याने ती प्रजेच्या हाती दिली. सेबोर्गात सत्ता इटलीकडे आहे आणि निवडणूक होते ती नसलेल्या सत्तेची. हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

प्रत्यक्ष जायचा विचार असेल तर हिशोब असा. २०१९ च्या नोव्हेंबरात सात वर्षं मिळवली की २०२६ चा नोव्हेंबर येतो, तेव्हा संस्थानाच्या नियमाने पुढची निवडणूक त्या सुमाराला यायला हवी. पण मार्चेल्लोंसारखं कोणी मध्येच पायउतार झालं तर सगळं वेळापत्रक बदलतं, म्हणून तिकीट परत करता येईल असंच काढा. विद्यापीठाचं पत्र व्हिसाच्या बरंच आधी मागा, आणि त्यात भेट देण्याचं ठिकाण ‘सेबोर्गा, जिल्हा इंपेरिया, इटली’ असंच लिहून घ्या. ‘प्रिन्सिपॅलिटी’ लिहिलंत तर काउंटरवरच्या माणसाला समजावत बसावं लागेल. पोचल्यावर राजवाड्याआधी नगरपालिकेत जा. मतदारयादीबद्दल विचारायचं ते तिथेच.