ब्रिटन आणि जर्मनी यांच्या परदेशी मदतीची कालानुरूप तुलना कशी करावी

धुळे-जळगावकडील पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हा विषय दिला, की बहुतेक वह्यांत प्रथम पाउंड आणि युरोचे दोन स्तंभ उभे राहतात आणि तुलना तेथेच फसते. एखाद्याच्या घरी कापूस जास्त आला एवढ्यावरून आपण त्याची शेती चांगली म्हणत नाही, एकरी उतारा विचारतो. येथे तो उतारा म्हणजे अधिकृत विकास साहाय्याचे, म्हणजे सरकारने गरीब देशांच्या विकासासाठी दिलेल्या मदतीचे, सकल राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले शेकडा प्रमाण. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९७० मध्ये श्रीमंत देशांपुढे ०.७ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, म्हणून आलेखात त्या उंचीवर एक आडवी रेषा आधीच आखून घ्यावी.

दोन्ही देशांचे आकडे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीकडूनच घ्यावेत. एकाचे त्याच्या अर्थसंकल्पातून आणि दुसऱ्याचे समितीकडून घेतले, तर व्याख्याच जुळत नाहीत. रकमा दाखवायच्या असतील तर त्या स्थिर किमतींच्या, म्हणजे महागाईचा परिणाम काढून टाकलेल्या, आणि एकाच चलनातील असाव्यात.

या मालिकेला २०१८ मध्ये एक सांधा आहे. तोवर सवलतीच्या कर्जाची पूर्ण रक्कम मदतीत धरून परतफेड वजा केली जात असे. त्यानंतर मुख्य आकड्यात कर्जाचा सवलतीमुळे अनुदानासारखा ठरणारा भागच धरला जातो. ब्रिटनची मदत बहुतांशी अनुदानाची आहे, तर जर्मनी कर्जेही बरीच देतो. साक्री तालुक्यातील शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज मिळाले, हे आपल्याकडचेच उदाहरण. त्यामुळे संपूर्ण कालखंडासाठी जुन्या पद्धतीची मालिका वापरावी किंवा २०१८ वर तुटक उभी रेघ मारून बदल नोंदवावा.

सर्वांत जास्त वेळ आलेखातील उंचवट्यांवर, म्हणजे रेषा एकदम वर जाते त्या वर्षांवर, द्यावा. जिनिंगवर गाडी आली की व्यापारी आधी मूठभर कापूस दाबून ओल पाहतो, मग वजनाचे बोलतो. तसेच येथे करावे. निर्वासितांवर दात्या देशातच पहिले १२ महिने होणारा खर्च नियमाने मदतीत धरता येतो. जर्मनीने २०१६ मध्ये प्रथमच ०.७ टक्के गाठले, त्यामागे मुख्यतः हाच खर्च होता. ब्रिटनच्या २०२२ च्या मदतीपैकी सुमारे २९ टक्के रक्कम अशीच देशात राहिली. हा खर्च खोटा नव्हे, पण तो गरीब देशात पोचलेला पैसाही नव्हे. म्हणून तो वगळून प्रत्येक देशाची दुसरी, फिकट रेषा काढावी. २००५ च्या आसपासच्या उंचवट्यातही इराक आणि नायजेरियाची कर्जमाफी मोठी आहे.

आता रेषांखाली निर्णयांची वर्षे लिहावीत. ब्रिटनने २०१३ मध्ये ०.७ टक्के गाठले, २०१५ मध्ये त्याचा कायदा केला, २०२१ पासून प्रमाण ०.५ वर आणले आणि २०२७ पर्यंत ते ०.३ वर नेण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. जर्मनीकडे असा कायदा नव्हता, तरी २०२० मध्ये त्याची रेषा ब्रिटनच्या वर गेली. त्याच वर्षी ब्रिटनचे प्रमाण ०.७ वरच राहिले, रक्कम मात्र घटली, कारण महामारीत राष्ट्रीय उत्पन्नच आकसले होते. ही घट प्रमाणाच्या आलेखात दिसत नाही, म्हणून त्याच्या शेजारी रकमांचा आलेखही ठेवावा.