आई, नोकरी आणि ऑनलाइन कोर्स: या चुका टाळा

ऑफिसात कुणी नव्या कोर्सला नाव नोंदवलं की डबा खाताना मला हौसेने सांगते. दोन महिन्यांनी तीच बाई "अगं, जमतच नाही" म्हणत येते. ऐकून कान किटले. चुका ठरलेल्या आहेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे लोकलमध्ये व्हिडिओ पाहिला की अभ्यास झाला असं समजणं. मीही केलीय. स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा फायनान्सचा कोर्स घेतला होता. शिकायला फुकट, परीक्षेला १,००० रुपये. बोरिवलीहून ७:५२ची चर्चगेट फास्ट, लेडीज डबा, एका हातात कडी, दुसऱ्यात मोबाइल, व्हिडिओ दीडपट वेगाने. अंधेरीला रेटा आला की मोबाइल पर्समध्ये, कानात सर चालूच. चर्चगेटला उतरताना काय ते समाधान! आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर यायची, लेकाला भरवता भरवता डाव्या हाताने टिक करायची. १२ असाइनमेंटपैकी सर्वोत्तम ८ धरतात, त्यांचे मिळून २५ गुण. मला २४ पडले. पेढे आणायचेच बाकी होते.

परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, ७५ गुणांची. गणित आलं, सूत्रही ओळखीचं, पण हात चालेना, कारण त्या सूत्रावर माझं पेन कधी टेकलंच नव्हतं. पडले २७. बेरीज ५१, म्हणजे पास ना? नाही. असाइनमेंटला किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. तीन गुणांनी प्रमाणपत्र गेलं. आता गाडीत मी नुसतं ऐकते, त्याला अभ्यास म्हणत नाही. अभ्यास वहीत होतो. माझ्या वहीत वर्तमान मूल्याच्या गणितावर लेकाने जांभळ्या खडूने हत्ती काढलाय, पण त्याखालचं गणित माझ्या हातचं आहे. ग्रुपवर उत्तरं मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणते. राग आला तर येवो.

दुसरी चूक: "पोरगं झोपलं की बसते." पोरांना कळतं हो! ज्या रात्री तुम्हाला बसायचं असतं, त्याच रात्री त्यांना तहान लागते, गोष्ट हवी असते, पोट दुखतं. शेवटी आपणच आधी झोपतो, थोपटणारा हात त्याच्या पाठीवर तसाच राहतो. मी पहाटे पाण्याला उठतेच, तेव्हा पिंप भरेपर्यंत वही ओट्यावर. शिवाय शनिवारी दोन तास जवळच्या अभ्यासिकेत. वन बीएचकेमध्ये दार लावून बसण्यात अर्थ नाही, दाराखालून "आई, माझा निळा मोजा?" येतंच. अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं "काकू इथे कुठे?" अशा नजरेने बघतात. बघू देत.

नवऱ्याला "जरा बघ ना याच्याकडे" म्हणू नका. त्यातला "जरा" काढा. शनिवारी ४ ते ६ लेक तुझा, एवढंच सांगायचं. सासूबाईंना आदल्या दिवशी सांगा, चप्पल घालताना नाही.

एकदम तीन कोर्स घेऊ नका. पहिल्या आठवड्याची हौस बाराव्या आठवड्यात पुरत नाही.

असाइनमेंटची मुदत रात्री ११:५९ची असली तरी माझ्यापुरती ती रविवारी दुपारी संपते. वायफाय आणि पोराचा ताप दोघांनाही शेवटची रात्र बरोबर सापडते.

इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) कोर्सवाल्यांनी तर असाइनमेंट मुळीच साठवू नयेत. त्या हाताने लिहायच्या असतात, मनगट एका रात्रीत तेवढं चालत नाही.

आणि परीक्षेची तारीख आली की आधी शाळेचं कॅलेंडर काढा. मी काढलं नाही. दुसऱ्या खेपेला पास झाले, पण त्याच दिवशी लेकाचं स्नेहसंमेलन होतं. तो झाड झाला होता. व्हिडिओ रात्री पाहिला, दीडपट वेगाने नाही.